कांदळाची उलटी रांग

आठवीत असताना मी कांदळाच्या चाळीस शेंगा खाडीच्या चिखलात उलट्या लावल्या. डोकं खाली, पाय वर. माझ्या हाताखालच्या पाच मुलांनाही तशाच लावायला लावल्या, आणि त्यांतला एक जण "उलटं होतंय" म्हणाला तेव्हा नायकाच्या अधिकारात त्याला गप्प केलं.

एवढं एकदा सांगून टाकलं म्हणजे पुढचं मोकळेपणानं लिहिता येतं. नाहीतर माणूस आठवणी सांगताना हळूच स्वतःला इस्त्री करत जातो.

भादवा सरत आला की हे सगळं वर येतं. पाऊस निघतो म्हणतो आणि दारात चपला घालून तासभर गप्पा मारत उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखा रेंगाळतो. ऊन पाठीला चटका देतं. छत्री घरी ठेवली की नेमकी सर येते. आणि संध्याकाळी वारा फिरला की खाडीकडून तो वास येतो : खारट, कुजकट, थोडासा नासक्या अंड्याचा. सूनबाई लगबगीनं खिडक्या लावते. "बाबा, गटार तुंबलंय वाटतं."

"गटार नाही गं, ओहोटी लागली," मी म्हणतो आणि ती स्वयंपाकघरात गेली की खिडकी परत उघडतो. बोटभरच.

त्या वासाची ओळख मला वावंजेकर सरांनी करून दिली. सर आम्हाला निसर्ग शिकवत. शाळेच्या वेळापत्रकात त्याला 'निसर्गाभ्यास' असं भारदस्त नाव होतं, पण आम्ही म्हणायचो रविवारचा तास. रविवारी शाळा म्हटल्यावर आजची मुलं घर डोक्यावर घेतील. आम्ही घर डोक्यावर घ्यायचो ते हा तास चुकला तर.

तो रविवारी का, तर सर बेने इस्राएल. त्यांचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाण्याला हात लावत नसत, म्हणून गावातली जुनी माणसं त्या समाजाला शनवारतेली म्हणत. सरांनी घाणा कधी पाहिलाही नसेल, पण शनिवार त्यांनी सोडला नव्हता. त्या दिवशी ते शाळेत येत नसत. नोकरीवर घेतानाच त्यांचा शाळेशी तसा ठराव झाला होता : शनिवारची सुट्टी सरांची, आणि त्याच्या बदल्यात रविवारची सकाळ शाळेची. आमचा निसर्गाचा तास हा असा त्यांच्या शनिवारच्या जागी उगवलेला होता.

रविवारी सकाळी सर आझाद मैदानात क्रिकेटला उतरल्यासारखे यायचे. नाही, चुकलं. आझाद मैदान मी पुढे मुंबईत पाहिलं. सर शाळेच्या पायरीशी यायचे ते पांढरी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, डोक्यावर काळी टोपी आणि हातात लांब दांड्याची छत्री. छत्री उघडलेली मी क्वचित पाहिली. तिच्या दांड्यावर चाकूनं खुणा केलेल्या होत्या, आणि सर ती चिखलात खुपसून चिखल किती खोल ते सांगत. पाऊस आला तर भिजत.

"नाव मागाहून," ते म्हणायचे. "आधी वास घ्या. मग चाटून बघा."

त्या एका वर्षात आम्ही पनवेलच्या आसपासचं काय काय चाटलं असेल! तिवर आणि कांदळ ही खाडीतली खारफुटी. तिवराचं पान चाटलं की जिभेला मीठ लागतं. ते झाड खारं पाणी पितं आणि नको असलेलं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. कांदळाचं पान त्याच्याहून मोठं, जाड, तुकतुकीत; ते चाटलं तर नुसतं पान. हे सरांनी फळ्यावर लिहून दिलं असतं तर मी परीक्षेत लिहून विसरलो असतो. जिभेवर लिहिलेलं पुसता येत नाही.

भरती-ओहोटीही त्यांनी अशीच शिकवली. लहानपणी आम्हाला पाऊणकी घोकायला लावत. तीन पाऊणे सव्वादोन, चार पाऊणे तीन, पाच पाऊणे पावणेचार. याचा जगात उपयोग काय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ते खाडीनं सांगितलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पंचमी असेल तर पावणेचारला भरती, म्हणजे सकाळी दहाच्या सुमाराला चिखल उघडा. पंचांग हे मुहूर्त बघायला नसून चिखलात कधी उतरायचं ते बघायला असतं, असं मी घरी जाऊन आजोबांना सांगितलं आणि त्यांच्याकडून पाठीत धपाटा खाल्ला.

चिखल हाच मुळी तंट्याचा मुद्दा होता. खाडीचा चिखल काळा, चिकट, आणि कपड्यावर बसला की जन्माचा. आमची आई माझी खाकी चड्डी चिमटीत धरून म्हणायची, "रविवारचा तास आहे की म्हशींचा डोह?" अशा बऱ्याच आया हेडमास्तरांकडे गेल्या असाव्यात. हेडमास्तर संस्कृतचे. त्यांना झाडं फार आवडत, पण श्लोकातली. श्लोकातल्या झाडांना चिखल लागत नाही.

श्रावणातल्या एका सकाळी शाळेच्या पायऱ्यांवर, आमच्या सगळ्यांच्या देखत, ते सरांना म्हणाले, "अहो वावंजेकर, मुलं चिखलात लोळून काय शिकतात ते मला एकदा दिसू द्या. नवरात्रात मी स्वतः येतो. लावलेली झाडं उभी दिसली, पानं दिसली, तर रविवारचा तास राहील. नाहीतर तास बंद. आणि मग शनिवारी आपणही इतरांसारखे हजेरीवर."

सरांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाले, "बरं."

एवढंच. पण आम्हाला कळलं. सर शनिवार सोडणार नव्हते, म्हणजे शाळा सोडणार होते. आमचा रविवार आणि त्यांचा शनिवार आता कांदळाच्या शेंगांवर टांगलेला होता.

झाडं लावायची होती ती करंजाडे गावाच्या अंगाला, गोमीकाकींच्या बांधापुढे. गोमीकाकी म्हणजे आमच्या वर्गातल्या धर्माची आई. त्यांचं भाताचं शेत खाडीला लागून, मध्ये मातीचा बांध. दर उधाणाला पाणी बांध कुरतडायचं. सर म्हणाले होते, बांधापुढे कांदळ उभा राहिला की पाण्याचा जोर त्याच्या मुळांत मोडतो. गोमीकाकी म्हणाल्या होत्या, "लावा मास्तर. बांद तुमच्या पोरांनी तुरवला नाय म्हंजे झाला." त्यांच्या बोलीत ड-ढचा र व्हायचा; तुरवला म्हणजे तुडवला.

कांदळाची शेंग ही मोठी मजेची चीज आहे. तिचं बी झाडावर असतानाच फुटतं आणि हातभर लांब, हिरवी, शेवग्यासारखी शेंग खाली लोंबत राहते. पिकली की गळते ती थेट चिखलात रुतते. आपल्याला फक्त तेच करायचं : जशी झाडावर लोंबते तशीच, अणकुचीदार टोक खाली धरून, वीतभर खुपसायची. हे सरांनी आधीच्या एका रविवारी नीट दाखवलं होतं. त्या वेळी मी निवटीच्या मागे होतो. निवटी म्हणजे चिखलावर उड्या मारणारी मासळी. ती मासा असून चालते कशी, हे मी शेजारच्या मुलाला समजावून सांगत होतो. मला ते माहीत नव्हतं. तरीही समजावत होतो.

श्रावण वद्य पंचमीचा रविवार. सरांनी दोन तुकड्या केल्या. एक त्यांच्याबरोबर शेताकडून खाडीत उतरणाऱ्या ओहोळापलीकडे गेली, दुसरीचा नायक मी. मला पहिला नंबर असायचा ना! त्या काळी पहिला नंबर आला की माणसाला सगळं येतं असं धरून चालत. मीही चालत होतो.

शेंग हातात घेतली आणि कळलं की कुठली बाजू खाली ते आपल्याला ठाऊक नाही. विचारायचं? ओहोळापलीकडे ओरडून? नायकानं? मग मी बुद्धी चालवली. कोंब नेहमी टोकदार असतो. शेंगेचं एक टोक टोकदार आहे. म्हणून ते वर. शिवाय दुसरी बाजू देठाची, म्हणजे आईकडची, आणि मूळ हे आईकडचंच असणार. इतका सरळ विचार मी आयुष्यात पुन्हा केला नाही.

धर्मा माझ्या तुकडीत होता. तो खाडीकाठी जन्मलेला. मी बोलायला शिकलो त्याच्या आधी तो चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, पकडायला शिकला असेल. त्यानं माझ्या हाताकडे बघितलं. "लेल्या, उलटं होतंय. टोक खाली रं."

"कशावरून?"

"कशावरून म्हंजे? झारावर तसंच आसतं."

"झाडावर असतं ते झाडासाठी," मी म्हणालो. "जमिनीतलं शास्त्र वेगळं."

त्यानं नवी शेंग उचलली. मग म्हणाला, "तू नायक हायस बाबा," आणि माझ्यासारख्याच उलट्या लावू लागला. हे वाक्य पुढे मला कितीदा आठवलंय. तेव्हा मात्र मला वाटलं की आपण त्याला पटवून दिलं.

त्या दिवशी ऊन-पावसाचा खेळ चालला होता. कर्नाळ्याचा सुळका ढगातून मधूनच अंगठा दाखवावा तसा बाहेर येई. गुडघाभर चिखल पायांना गिळायचा आणि पाय काढताना मोठ्ठा पचाक आवाज व्हायचा. त्यावर सहाही जण प्रत्येक वेळी नव्यानं हसायचे. ओहोळावरच्या गोड्या पाण्यात पाय धुऊन आम्ही बांधावर बसलो आणि गोमीकाकींनी दिलेली काकडी मीठ न लावता खाल्ली. हात खारट होतेच.

पुढचे रविवार बघता बघता गेले. एका रविवारी ओहोटी दुपारी. एका रविवारी गणपती. पुन्हा एकदा ओहोटी दुपारी. चौथ्या रविवारी वेळ जमली तर सरांना हिवताप. त्यांनी निरोप पाठवला : लेलेनं मुलांना घेऊन जावं आणि शेंगांना पानं फुटलीत का ते बघून यावं.

ओहोळापलीकडची रांग छान उभी होती. शेंगांच्या डोक्यावर कोवळी, तांबूस टोकं उकलत होती. दोघी-चौघींना चिमुकली पानंही होती. आमच्या रांगेतल्या निम्म्या उधाणानं नेल्या होत्या. उरलेल्या काळवंडून उभ्या होत्या, विझलेल्या उदबत्त्यांसारख्या. धर्मानं एक उपटली. लोण्यातून सुरी यावी तशी आली. खालचं टोक कुजलेलं.

बाजूला तीन शेंगा चिखलात आडव्या पडल्या होत्या. त्यांना मात्र खाली मुळं सुटली होती आणि त्या मान वाकडी करून हळूहळू उठत होत्या.

"या कुणी लावल्या?" मी आशेनं विचारलं.

"कोनी नाय," धर्मा म्हणाला. "तुज्या हातातून परल्या त्या."

तो अजूनही नव्या शेंगा आणू म्हणत होता. भादव्यात पलीकडच्या झाडांवर थोड्या राहिलेल्या असतात, त्या नवरात्रापर्यंत निदान मुळं तरी धरतील. पण मग सरांना सांगावं लागलं असतं. सर आजारी आहेत, त्यांना त्रास कशाला, असा मोठा दयाळू विचार मी केला. माझ्या आजवरच्या बहुतेक चुका अशा दयाळूपणातूनच झाल्या आहेत. सरांना मी सांगितलं, "ठीक आहे सर. पानं येतायत."

पांघरुणातून सर म्हणाले, "शाबास."

परवा नातीनं शाळेसाठी खारफुटी केली. थर्मोकोलचा चिखल, स्ट्रॉची मुळं, हिरव्या कागदाची पानं. देखणं काम होतं, आणि तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले. मी विचारलं, "खरं तिवर बघितलंयस का गं?" ती म्हणाली, "आजोबा, आम्हाला व्हिडिओ दाखवला ना." मला तिला हसावंसं वाटलं, पण तोंड नव्हतं. पन्नास-साठ वर्षांपूर्वी मीही नेमका तोच प्रकल्प केला होता; फक्त थर्मोकोल मिळत नव्हता.

हेडमास्तर येणार होते घटस्थापनेनंतरच्या रविवारी. तृतीया, सव्वादोनला भरती, म्हणजे सकाळी आठ-सव्वाआठला चिखल उघडा. आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, मी शाळा बुडवली. खिशात पेन्सिलीला टोक करायचं पातं आणि आईच्या शिवणाच्या डब्यातलं हिरव्या दोऱ्याचं रीळ. शनिवारच का? कारण शनिवारी सर घराबाहेर पडणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. ज्या शनिवारसाठी ते नोकरीवर पाणी सोडायला तयार होते, तो मी त्यांना फसवायला वापरला.

एकेका काळ्या शेंगेच्या टोकाला पात्यानं चीर पाडायची, चिरेत दोन पानं बसवायची, वरून हिरवा दोरा गुंडाळायचा. कांदळाची झाडं पलीकडे होती, तिथवर कोण जाणार! मी हाताशी होती ती तिवराची पानं घेतली. पान ते पान. संस्कृतच्या माणसाला काय कळतंय?

आणि खरंच, त्यांना कळलं नाही. रविवारी हेडमास्तर धोतराचा काचा मारून बांधावर उभे राहिले. सर हिवतापातून उठलेले, गाल बसलेले. आधी ओहोळापलीकडची रांग दाखवली. हेडमास्तर डोळे बारीक करून म्हणाले, "हं. अगदीच लहान आहेत." मग त्यांची नजर आमच्या रांगेवर गेली. प्रत्येक शेंगेवर दोन-दोन मोठी पानं, वाऱ्यावर डुलतायत.

"वा!" ते म्हणाले. "वा वावंजेकर! ही खरी प्रगती. मला वाटतं आपला रविवार—"

सर तोवर चिखलात उतरले होते. ते पहिल्या शेंगेपाशी वाकले. त्यांनी पान बोटांत धरलं, उलटं केलं, आणि चाटलं.

मला वाटलं, आता बोलतील. किंवा आता बोलणार नाहीत. गप्प राहिले असते तर सगळं निभावलं असतं. हेडमास्तरांच्या तोंडात 'रविवार' आलाच होता. सर सरळ झाले. त्यांच्या बोटात हिरवा दोरा होता. ते बांधावरच्यांना ऐकू जाईल इतक्याच आवाजात म्हणाले, "मुख्याध्यापकसाहेब, ही पानं तिवराची आहेत. शेंगा कांदळाच्या, मेलेल्या, आणि उलट्या. या रांगेत झाड नाही."

खाडीवर एक बगळा होता, तोसुद्धा उडाला.

हेडमास्तरांचा चेहरा लाल झाला. त्यांनी आमच्या तुकडीवरून नजर फिरवली. ती धर्मावर थांबली, कारण चिखल सगळ्यांत जास्त त्याच्याच अंगावर होता. "तू रे? खाडीकाठचा ना तू? लाज नाही वाटत?"

धर्मानं खाली बघितलं. तो बोलणार नाही, हे मला दिसलं, आणि दुसरीही एक गोष्ट दिसली : मी गप्प राहिलो तर तो जन्मभर हे माझ्यासाठी पोटात ठेवील. ते मला झेपणारं नव्हतं. मी शूर वगैरे नव्हतो.

"मी केलं," मी म्हणालो. "लावली पण मीच उलटी. तो सांगत होता. आणि पानं काल बसवली. शनिवारी."

'शनिवारी' म्हटल्यावर सरांनी माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

सर पुढे इस्राएलला गेले. तिथून त्यांचं मला एकच पत्र आलं, मराठीत, वळणदार अक्षरात. 'इकडे समुद्र आहे, मीठही भरपूर आहे. आपला चिखल मात्र कुठे दिसत नाही.' त्या शनिवाराबद्दल एक अक्षर नाही. मी ते पत्र सुनेच्या हाती लागू नये अशा ठिकाणी ठेवलंय, आणि ते ठिकाण आता मलाही आठवत नाही.

तर बांधावर सगळे तसेच उभे. ओहोळात पाणी उलटं फिरायला लागलं होतं. भरती निघाली होती. हेडमास्तरांनी सरांच्या बोटातल्या दोऱ्याकडे बघितलं, पलीकडच्या लहान, खऱ्या रांगेकडे बघितलं. खोटं उघडं पाडून स्वतःचंच नुकसान करून घेणारा माणूस त्यांनी श्लोकांत पाहिला असेल, चिखलात पहिल्यांदाच पाहत असावेत.

शेवटी ते गोमीकाकींकडे वळले. काकी केव्हापासून डोईवर गवताचा भारा घेऊन थांबल्या होत्या.

"बाई, बांध तुमचा आहे," हेडमास्तर म्हणाले. "तुम्हीच सांगा. हा तास पुढे चालवावा का? ही मुलं इथे पुन्हा आलेली चालतील?"

गोमीकाकींनी भारा खाली ठेवला. ओहोळापलीकडे पाहिलं, बांधाकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. मग माझ्याकडे, नखशिखांत.

"येव द्या की," त्या म्हणाल्या. "मास्तर येव द्या, पोरा येव द्या, दर आयतवारी येव द्या. फकस्त यो हुशार हाय ना, याला तेवरा शालंतच ठेवा."